चकती किती फिरली ते कळतं, कधी फिरली ते कळत नाही

विजेच्या जुन्या मीटरच्या काचेआड ती अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरताना तुम्ही बघितली असेलच, कडेला एक काळी खूण असते आणि ती समोरून गेली की एक फेरा झाला. मला ती चकती लहानपणापासून आवडते, आणि आता कामच वीज मोजण्याचं असल्यामुळे जास्तच, कारण त्या डब्यात ना चिप आहे ना बॅटरी, तरी तो वर्षानुवर्षं न थांबता गुणाकार करत बसतो. खरंच गुणाकार. व्होल्टेज गुणिले करंट, आणि तोही दोघांचा ताल किती जुळतोय ते धरून.

हे होतं कसं? आत दोन कॉइल असतात. एक बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची, ती व्होल्टेजवर जोडलेली. दुसरी जाड तारेची, मोजक्याच वेढ्यांची, तिच्यातून तुमचा सगळा करंट जातो. दोघींची चुंबकीय क्षेत्रं मुद्दाम एकमेकींच्या मागेपुढे ठेवलेली असतात, त्यामुळे चकतीत भोवऱ्यासारखे छोटे छोटे प्रवाह उठतात आणि चकती पुढे ढकलली जाते, हा धक्का तुम्ही त्या क्षणी जितकी पॉवर ओढताय तितक्याच प्रमाणात असतो. पण नुसता धक्काच असता तर चकतीचा वेग वाढतच गेला असता, म्हणून तिच्या कडेला एक कायमचं चुंबक ब्रेक म्हणून लावलेलं असतं आणि चकती जितकी जोरात फिरेल तितकं ते तिला जास्त अडवतं. धक्का आणि ब्रेक बरोबरीला आले की वेग स्थिर होतो, तो वेग म्हणजे पॉवर, आणि फेरे मोजत गेलं की ऊर्जा. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

यामागचं फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं तत्त्व इटलीतल्या तुरिन शहरात गॅलिलिओ फेरारिसने १८८५ मध्ये दाखवलं, म्हणून या मीटरला अजूनही फेरारिस मीटर म्हणतात. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथीने त्यावर एसीसाठी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेसाठी, वापरता येईल असा मीटर बनवला, वजन साधारण २३ किलो! त्याच्याआधी एडिसनचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, मीटर होता तो तर सरळ रसायनशास्त्रावर चालायचा, जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असायच्या, वीज जाईल तसं जस्त एका पट्टीवरून सुटून दुसरीवर बसायचं, आणि माणूस येऊन त्या पट्ट्या काढून तराजूवर तोलायचा. वजनातल्या फरकावर बिल.

आता मुद्द्यावर येतो. दुकान असो, वर्कशॉप असो, ऑफिस असो, शीतगृह असो, मालकाला जुना मीटर बदला म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो की हा चुकीचं दाखवतो का. दाखवू शकतो. चकतीचं बेअरिंग झिजलं, धूळ बसली, वंगण वाळलं की चकती जड होते आणि मीटर हळू चालतो, सगळ्यात आधी फरक पडतो तो कमी लोडवर, म्हणजे थोडीच उपकरणं चालू असताना, कारण तिथे धक्काच मुळात एवढासा असतो. उलट ब्रेकचं चुंबक कमजोर झालं तर मीटर पळायला लागतो, हे लोकांना माहीत नसतं. म्हणजे जुना मीटर नेहमी आपल्या फायद्याचाच असतो हे गृहीत धरू नका.

पण माझ्या मते जुन्या मीटरचा खरा तोटा अचूकपणाचा नाहीच, तो वेळेचा आहे. चकतीचा मीटर फक्त बेरीज सांगतो. महिन्यातून एकदा आकडा वाचला की वर्षाला १२ आकडे, एवढ्याच माहितीवर धंद्याचा एक मोठा खर्च सांभाळायचा. दर पंधरा मिनिटांनी नोंद ठेवणारा इलेक्ट्रॉनिक मीटर वर्षाला ३५,०४० आकडे देतो. त्यातून दिवसाचा जो आलेख निघतो त्याला लोड प्रोफाइल म्हणतात, आणि पहिल्यांदा तो बघणाऱ्या माणसाचा चेहरा मी अनेकदा बघितलाय, जी गोष्ट रोज आपल्या छपराखाली घडत होती ती कधी दिसलीच नव्हती असं त्याला होतं.

सगळ्यात आधी रात्र बघायची. आठवड्यात १६८ तास असतात, रोज १० तास असे ६ दिवस काम चालत असेल तर ६० तास चालू आणि १०८ तास बंद. आठवड्याचा दोन तृतीयांशाच्या जवळ जाणारा भाग कुलूप लावलेलं असतं आणि त्या वेळात आलेख शून्यावर यायला हवा, पण तो कधीच येत नाही. खाली एक सपाट पट्टा राहतो, त्याला बेस लोड म्हणतात. समजा तो फक्त ५ किलोवॅटचा आहे, तर बंद तासांतच आठवड्याला ५४० युनिट आणि वर्षाला २८,०८० युनिट जातात, आणि त्यातले काही रास्त असतात, फ्रिज, सर्व्हर, अलार्म वगैरे, पण बाकीचे कोणाचे ते मीटरशिवाय कळत नाही.

माझ्या पाहण्यात एक छोटं वर्कशॉप होतं, तिथे आलेखात रात्रभर दर थोड्या थोड्या मिनिटांनी एक दात उभा राहायचा, करवतीसारखा. सगळे म्हणाले मीटर खराब आहे. मीटर ठीक होता. कॉम्प्रेसर चालूच ठेवून लोक घरी जायचे आणि हवेच्या पाइपांना इतके लीक होते की टाकीतलं प्रेशर उतरायचं, कॉम्प्रेसर आपोआप सुरू व्हायचा, टाकी भरायचा, थांबायचा, परत उतरायचं. दिवसा मशीनच्या आवाजात लीकचा सूं आवाज ऐकू येत नाही आणि रात्री ऐकायला कोणी नसतं. त्या दातांची रुंदी आणि मधलं अंतर मोजलं की गळती किती टक्के आहे तेही काढता येतं, कारण काम बंद असताना कॉम्प्रेसर जेवढा वेळ चालतो तो सगळा फक्त गळतीसाठीच चालतो. फक्त एक वॉल्व्ह संध्याकाळी बंद करायची सवय लावली आणि पाइपांचे जोड बदलले.

दुसरी गोष्ट मॅक्सिमम डिमांड. बऱ्याच ठिकाणी व्यावसायिक बिलात युनिटचे पैसे वेगळे आणि डिमांडचे वेगळे असतात, डिमांड म्हणजे ठरलेल्या छोट्या अवधीत, बहुतेक १५ किंवा ३० मिनिटं, सरासरी किती पॉवर ओढली ती, आणि महिन्यातला सगळ्यात वरचा आकडा बिलाला लागतो. हे अन्यायाचं वाटतं पण त्यामागे कारण आहे, तार आणि ट्रान्सफॉर्मर तुमच्या सरासरीसाठी नाही तर तुमच्या सर्वोच्च गरजेसाठी उभारावे लागतात. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की मोटर सुरू होताना सहापट करंट घेते म्हणून डिमांड वाढते. मोटर सहापट घेते हे बरोबर, पण पाचेक सेकंदच, आणि १५ मिनिटांत ९०० सेकंद असतात, सरासरीत तो झटका विरघळून जातो. डिमांड वाढते ती सकाळी आल्या आल्या भट्टी, हीटर, एसी, कॉम्प्रेसर सगळं एकदम चालू करून ते अर्धा तास पूर्ण ताकदीने चालतं त्याने. समजा रोजचं काम ६० किलोवॅटवर चालतं आणि सकाळच्या त्या एका तुकड्यात ११० जातं, तर महिनाभर ११० चे पैसे. भट्टी थोडी आधी लावा, ती तापून खाली आली की मग एसी, एवढ्या क्रमानेही आकडा उतरतो आणि काम एक मिनिट कमी होत नाही.

पॉवर फॅक्टरबद्दल लोक फार घाबरतात म्हणून थोडक्यात सांगतो. मोटरसारखी उपकरणं कामाच्या करंटबरोबर आपलं चुंबकीय क्षेत्र उभं करायलाही करंट घेतात, तो काम न करता नुसता येजा करतो. एकूण ओढलेल्यातलं किती खरं कामाला लागतं ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर १०० किलोवॅटच्या कामासाठी १४३ केव्हीए (येजा करणारा करंट धरून होणारी एकूण ओढ) ओढावे लागतात, आणि तारेतला लॉस करंटच्या वर्गाने वाढतो म्हणून तो जवळजवळ दुप्पट होतो. कपॅसिटर लावले की तो येजा करणारा करंट जागच्या जागी भागतो. फक्त आलेख बघून लावा, कारण दिवसाच्या लोडसाठी लावलेले कपॅसिटर रात्री तसेच जोडलेले राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, काही ठिकाणी त्याचाही दंड असतो, आणि चकतीवाल्या मीटरमध्ये हे कधी दिसलंच नसतं.

मीटर बदलताना जिथे खरी काळजी घ्यायची ती जागा म्हणजे सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर. मोठा करंट थेट मीटरमधून नेत नाहीत, सीटी तो छोटा करून देतो, २००/५ चा सीटी असेल तर मीटरच्या वाचनाला ४० ने गुणायचं. उद्या लोड वाढला म्हणून ३००/५ चा बसवला तर गुणक ६० होतो, आणि कागदावर ४० च राहिला तर कितीही महागडा मीटर असो, हिशेब चुकलाच. जोडणीतली चूक तर आणखी वाईट. तीन फेजवर समान लोड असताना एका फेजचा सीटी उलटा बसला तर दोन फेज अधिक आणि एक वजा, मीटर खऱ्याच्या एक तृतीयांशच दाखवतो. एका फेजची व्होल्टेजची वायर सैल राहिली तर दोन तृतीयांश. एके ठिकाणी नवीन मीटरनंतर वापर बरोबर एक तृतीयांशाने उतरला म्हणून सगळे खूश होते, मला तो आकडाच खटकला, एवढी नीटस बचत प्रत्यक्षात होत नाही, उघडून बघितलं तर एक स्क्रू घट्ट केलेला नव्हता. पुढे मागची थकबाकी भरावी लागली ती एकदम. म्हणून मीटर बदलायच्या दिवशी जुन्याचं शेवटचं वाचन तारीख-वेळेसकट फोटोत ठेवा, नव्याचा गुणक आणि घड्याळ तपासा, आणि ओळखीचा एखादा लोड चालू करून आकडा जुळतो का ते तिथेच बघून घ्या. आणि करंट चालू असताना सीटीची आउटपुटची बाजू कधीही उघडी ठेवायची नाही, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं, हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनचंच.

नवीन मीटर म्हणजे देवाचा शब्द असंही नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने ९ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले आणि निकाल २०१७ मध्ये जाहीर केले, त्यांना डिमर लावलेले एलईडी आणि तशाच बचतीच्या दिव्यांचा लोड दिला, तेव्हा ५ मीटरनी जास्त वाचन दिलं, सगळ्यात वाईट वाचन ५८२ टक्के जास्त होतं. कारण या उपकरणांचा करंट गुळगुळीत लाटेसारखा नसतो, तो अचानक उसळ्या मारतो, आणि मीटरमधले काही सेन्सर त्या उसळ्यांनी फसतात. हा मुद्दाम अवघड केलेला प्रयोग होता, सगळ्या मीटरांवर शिक्का मारायला तो पुरेसा नाही, पण व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) आणि एलईडी भरपूर असलेल्या जागी हार्मोनिक्सकडे, म्हणजे लाटेच्या अशा बिघडलेल्या आकाराकडे, लक्ष ठेवायला हवं एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि मीटर जुना होतो तो कधीकधी आत काही बिघडलं म्हणून नाही तर त्याच्याशी बोलणारं कोणी उरत नाही म्हणून. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून लाखो मीटर बीबीसीच्या लाँग वेव्ह रेडिओवरून येणाऱ्या इशाऱ्यावर स्वस्त आणि महाग दरांमध्ये बदल करायचे, ३० जून २०२५ पासून ती सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली आणि तेवढे मीटर बदलायची धावपळ झाली. मोबाइलच्या जुन्या नेटवर्कवर चालणाऱ्या मीटरांचंही तेच आहे, घेताना त्यातलं कम्युनिकेशन मॉड्यूल वेगळं बदलता येतं का एवढं विचारून घ्या.

मेन मीटर बहुतेक ठिकाणी वीज कंपनीचा असतो, त्याच्या सीलला आपण हात लावायचा नाही, बदलायला त्यांच्याकडेच अर्ज. पण त्याच्या पुढे आपल्या पॅनलमध्ये सब मीटर लावायला कोणाची वाट बघायची गरज नाही. उघडमिट होणारे सीटी मिळतात, वायर न कापता वायरीभोवती बसतात. सगळ्या मशीनला लावत बसू नका, आधी मोठे तीन-चार लोड, कारण मेनमधून ते वजा केले की उरलेल्याचा अंदाज आपोआप येतो. पंखे आणि पंप असतील तर त्यांना आधी नंबर द्या, तिथे पॉवर वेगाच्या घनाने बदलते, वेग ८० टक्क्यांवर आणला की पॉवर जवळजवळ ५१ टक्क्यांवर येते, दुसऱ्या कुठल्या यंत्रात एवढ्या कमी त्रासात एवढं मिळत नाही. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद घ्या, मग एक बदल करा, परत दोन आठवडे. घाईत चार बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कोणालाच सांगता येत नाही.

हे सगळं लागेपर्यंत जुन्या मीटरवरही एक काम आजच होतं. काम बंद असलेल्या दिवशी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभे राहा. मीटरवर लिहिलेलं असतं, एका युनिटला इतके फेरे, किंवा लाल दिवा लुकलुकणारा असेल तर एका युनिटला इतक्या पल्स. एका फेऱ्याला किती सेकंद लागतात ते मोजा, त्या सेकंदांना मीटरवरच्या आकड्याने गुणा, आणि ३६०० ला त्या गुणाकाराने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये. ६०० फेऱ्यांचा मीटर असेल आणि एक फेरा १२ सेकंदांत होत असेल तर अर्धा किलोवॅट. सीटी असेल तर गुणकाने गुणायचं, तो मीटरच्या आकड्यात आधीच धरलेला नाही ना एवढं बघून. मग एकेक स्विच बंद करत परत मोजत जा.