वाफ देणे (तान्ह्या बाळाला)

वाफ देणे (तान्ह्या बाळाला) : सर्दी-खोकल्याने छाती भरलेल्या बाळाला नेब्युलायझर यंत्रातून औषध देण्याला जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत ‘वाफ देणे’ किंवा ‘मशीन लावणे’ म्हणतात. खरे तर त्यात वाफ नसतेच. यंत्रातली मोटर हवा जोराने ढकलते आणि त्या झोताने कपातल्या तीन-चार मिली औषधाचा बारीक फवारा होतो. थेंब १ ते ५ मायक्रॉनचे असले तर ते श्वासनलिकांच्या बारीक फाट्यांपर्यंत पोचतात. हा फवारा थंड असतो. पण नाव वाफ पडले, आणि आईबापांच्या बऱ्याच काळज्या, काही अपघातही, या नावापासूनच सुरू होतात.

दवाखान्यात वाफ दिली, बाळ निवांत झोपले, मग घरीही देऊ, असा सरळ हिशेब असतो. पातेल्यात पाणी उकळायचे, आईने बाळाला मांडीवर घ्यायचे, वरून गोधडी. तान्हे बाळ हातपाय झाडते, पातेले कलंडते. या भाजण्याचा धोका मोठा आणि गरम वाफेचा फायदा जवळपास शून्य, कारण ती बारीक श्वासनलिकांची सूज उतरवत नाही. पाण्यात कापूर टाकणे तर आणखी वाईट. कापूर लहान बाळाच्या पोटात गेला, तर झटके येऊ शकतात. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि चुलीत जळणारी पऱ्हाटी यांचा धूरही याच हिशेबात धरावा. कपाशीचे शेत मोकळे झाले की पऱ्हाटीचे भारे घरोघरी सरपणाला येतात, आणि थंडीत दार लोटून चूल पेटते.

सर्वांत जुनी काळजी सवयीची. अहिराणीत आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पोऱ्याले मशीननी सवय लागी जाई ना?’ लागत नाही. मशीनमधून दिले जाणारे साल्ब्युटामॉल हे श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करणारे औषध आहे. त्याचा असर चार ते सहा तास टिकतो आणि मग ओसरतो. तरीही समज टिकून आहे, कारण आजीचा अनुभव खोटा नाही, फक्त उलटा वाचलेला आहे. ज्या बाळाची छाती एकदा विषाणूने वाजली, त्याची पुढच्या सर्दीत पुन्हा वाजण्याची शक्यता जास्त असते, विशेषतः आरएसव्ही या विषाणूनंतर. पावसाळ्यात एकदा मशीन लागले, दिवाळीनंतरच्या थंडीत पुन्हा लागले, की दोष मशीनच्या नावावर जमा होतो.

‘पंप’ म्हणजे इनहेलर; या शब्दाची भीती वेगळ्या जातीची आहे. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची नळकांडी आणि तिला लावलेला छोटा मास्क. त्यातून पंपाचे औषध दिले, तर लहान मुलांतही ते नेब्युलायझरइतकेच काम करते. वेळ कमी लागतो आणि वीज लागत नाही. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हा गुण लहान नाही. पण पंप म्हटला की दमा, आणि दमा म्हटला की ‘मुलगी आहे हो, पुढे कसं व्हायचं?’ सहा महिन्यांच्या मुलीच्या लग्नाची काळजी बालरोगतज्ज्ञांच्या खोलीत बोलून दाखवली जाते. त्यापेक्षा घरी मोटर विकत घेऊ, असे म्हणणारे बाप पुष्कळ.

औषधाच्या त्रासाबद्दलच्या शंका मात्र अनाठायी नाहीत. साल्ब्युटामॉलने बाळाच्या हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, बाळ काही वेळ चिडचिड करते. काही तासांत हे निवळते. ब्युडेसोनाइड हे दुसरे औषध स्टिरॉइड आहे आणि हा शब्द ऐकताच घर हादरते. फवाऱ्यातली मात्रा तोंडाने दिलेल्या स्टिरॉइडपेक्षा पुष्कळ कमी असते. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, म्हणून औषध संपल्यावर बाळाचा चेहरा ओल्या फडक्याने पुसतात आणि त्याला दूध पाजतात. उंचीबद्दल विचारले जाते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दम्यासाठी चार ते सहा वर्षे रोज हे औषध घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंमी कमी भरली. ती मुले पाच वर्षांवरची होती. सर्दीपुरते चार-पाच दिवस औषध घेतलेल्या तान्ह्याला हा आकडा लावता येत नाही.

जी काळजी करायला हवी ती क्वचितच कोणी करते : या बाळाला वाफेची गरज आहे का? एक वर्षाच्या आतल्या बाळाची छाती पहिल्यांदाच वाजते, तेव्हा बहुधा ब्राँकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांचा विषाणूजन्य आजार, असतो. त्यात अडचण आवळलेल्या स्नायूंची नसून सुजेची आणि चिकट कफाची असते, म्हणून साल्ब्युटामॉलचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत या आजारात ते देऊ नये असेच म्हटले आहे. उपचार साधा आहे : नाकात सलाईनचे थेंब टाकून नाक मोकळे करणे, थोडेथोडे दूध वरचेवर पाजणे, ऑक्सिजन कमी पडला तर तो देणे. पण एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरविषयी ‘काहीच केलं नाही, नुसतं नाक साफ करायला सांगितलं’ अशी तक्रार होते, आणि शेजारच्या दवाखान्यात मशीन लागते.

मशीन लावण्याचा प्रसंगही पाहण्यासारखा असतो. मोटर घरघरते, बाळ दचकते, मास्क पाहून मान फिरवते आणि किंचाळते. आईला ते पाहवत नाही, ती मास्क दोन बोटे दूर धरते. फवारा नाकासमोरून जातो, सगळ्यांना बरे वाटते, आणि बरेचसे औषध खोलीत उडून जाते. रडल्याने फुप्फुस मोकळे होते, हाही गैरसमजच. रडत्या बाळाचे औषध घशात आणि पोटात अधिक जाते. आधी मोटर नुसती सुरू ठेवून आवाजाची ओळख करून द्यावी, मग मांडीवर सरळ बसवून मास्क गालांना टेकवावा.

ऑक्सिजनची भीती याहून खोल आहे. ‘आक्सिजन लावला’ हे वाक्य गावाकडे फोनवर सांगितले की नातेवाईक गाडी करून निघतात. २०२१ च्या करोना लाटेनंतर ही भीती वाढलीच. नाकावाटे हवेचा सतत दाब देणारे बबल सीपॅप पाहून तर आईबाप गोठतात : बाळाच्या नाकात दोन छोट्या नळ्या, डोक्यावर टोपी, आणि बाळाकडून परत येणाऱ्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण पाच सेंमी बुडवलेले. तेवढ्याच दाबाने फुप्फुसाचे फुगे मिटता मिटता उघडे राहतात. बाटलीतले बुडबुडे थांबले की श्वास थांबला असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नळी नाकातून सरकलेली असते. दिवस न भरलेल्या बाळाच्या डोळ्यांना जादा ऑक्सिजनने इजा होऊ शकते, ही काळजी रास्त आहे. म्हणून त्याचे प्रमाण मोजून देतात आणि साधारण चौथ्या आठवड्यात डोळ्यांचा पडदा तपासतात. या तारखेबद्दल आईबापांनी जरूर विचारावे.

धोक्याची खूण आज्यांना आधीपासून ठाऊक आहे : ‘पोट उडस.’ पोट उडणे आणि बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जाणे, हीच खूण डॉक्टरही पाहतात. सातपुड्याच्या बाजूला यावर पोटाला चटके देण्याची रीत होती; त्याने फक्त जखम वाढते आणि वेळ जातो. बाळ शांत असताना कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते अकरा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जलद श्वास म्हणते. दूध निम्म्यावर आले, ओठ निळसर झाले, बाळ मलूल पडले, तर मोजत बसू नये.

पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे बाळ आजारी पडते तेव्हा बाप बहुधा दुसऱ्या तालुक्यात असतो. भरती करायचे की नाही हे सासरी फोन करून ठरते, आणि रात्रीच्या त्या फोनांत खर्चाचा विषय निघतोच. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत, आणि १०८ ची गाडी माहेरच्या दारातही येते.