सेमिनरीत गेलेला मुलगा परत येऊ शकत नाही?

साताऱ्याकडे एक समज घट्ट बसलाय: मुलगा फादर, म्हणजे कॅथलिक पुरोहित, व्हायला सेमिनरीत (पुरोहित घडवणाऱ्या संस्थेत) गेला की पहिल्याच दिवशी आजन्म ब्रह्मचर्याची शपथ, मग परतीची वाट बंद. पोरगा हातचा गेला म्हणून हळहळणारेही भेटतात.

तसं नसतं. धर्मप्रांतासाठी, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या भागासाठी, शिकणारा विद्यार्थी ब्रह्मचर्याचं बंधन स्वीकारतो ते डीकनपदाच्या (पुरोहितपदाआधीच्या पायरीच्या) दीक्षेवेळी, म्हणजे शिक्षणाच्या शेवटाकडे. १९८३च्या चर्च कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान ६ वर्षं अभ्यास लागतो, आणि वयाची २५ वर्षं पुरी झाल्याशिवाय सहसा पुरोहितदीक्षा नाही. डीकन होईपर्यंत तो कधीही बॅग उचलून घरी येऊ शकतो. येतातही, कुणी पुढे नोकरी धरतं, लग्न करतं. दीक्षेसाठी कुणावर जबरदस्ती करणं हे तर त्याच कायद्यात साफ निषिद्ध आहे.

जेझुइटांसारख्या व्रतस्थ धर्मसंघांचं वेगळं. तिथे नोव्हिशिएट, म्हणजे सुरुवातीचा उमेदवारीचा काळ, संपला की लगेच व्रतं घेतात. गोंधळ बहुधा इथूनच सुरू होतो.

आणि घर तुटतं म्हणावं, तर पुण्यातली पेपल सेमिनरी नगर रोडवर आहे. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली ही संस्था १९५५मध्ये पुण्यात आली. साताऱ्याहून एसटीनं जाऊन मुलाला भेटता येतं.