दंडघेराची पट्टी वर्गात कशी आली

कुपोषणावर प्रकल्प करायला सांगितला की बरगड्या दिसणाऱ्या मुलांची छायाचित्रे चिकटवलेला तक्ता हमखास येतो. अशी छायाचित्रे १९६८ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या युद्धाने जगभर घरोघरी पोहोचवली. ती पाहून मदत मिळाली हे खरे, पण मूल केवळ दयेचा विषय होऊन बसले. म्हणून १९८९ मध्ये युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी अशा चित्रांच्या वापरासाठी आचारसंहिता ठरवली. समाजशास्त्राच्या वर्गाला याहून उपयोगी पडणारी परंपरा वेगळीच आहे, ती मोजण्याची.

बालरोगतज्ज्ञ फेडेरिको गोमेझ यांनी १९५६ मध्ये वयानुसार वजनावरून कुपोषणाच्या श्रेणी मांडल्या. त्यात एक अडचण राहिली: उंची खुंटलेले मूल आणि नुकतेच रोडावलेले मूल एकाच रकान्यात पडत. जॉन वॉटरलो यांनी १९७२ मध्ये खुजेपणा आणि लुकडेपणा वेगळे केले. पण वजनकाटा, उंचीची फळी आणि मुलाचे नेमके वय खेड्यापाड्यांत कुठून आणायचे? एक ते पाच वर्षांच्या दरम्यान दंडाचा घेर फारसा बदलत नाही, या निरीक्षणाने वाट काढली. अदनान शाकिर आणि डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये दंडाभोवती गुंडाळून घेर मोजायची तिरंगी पट्टी सुचवली. पुढे १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षानिमित्त लंडनमधून चाइल्ड-टू-चाइल्ड उपक्रम उभा राहिला, त्यात मॉर्लेच होते. शाळकरी मुलांनी धाकट्या भावंडांसाठी अशी पट्टी स्वतः बनवावी, ही कल्पना तिथली.

पट्टीला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती ताणली जात नाही. रुंदी १ सेमी, लांबी २५ सेमी. धरायला ५ सेमी सोडून शून्याची रेघ मारावी. तिथून ११.५ सेमीपर्यंत लाल (अतितीव्र कुपोषण), १२.५ पर्यंत पिवळा (मध्यम), पुढे हिरवा (ठीक). हमखास होणारी चूक म्हणजे शून्याऐवजी पट्टीच्या टोकापासून मोजणे. मग लाल पट्टा ५ सेमीने तोकडा पडतो आणि अतितीव्र कुपोषित मूलही हिरव्यात दिसते. रबरी किंवा कापडी पट्टी ताणली की उलटे घडते, धडधाकट मूल लाल ठरते. ११.५ सेमी घेराची कागदी नळी करून द्या. तिचा व्यास जेमतेम ३.७ सेमी भरतो, आणि ती हातात घेतल्यावर आकडा समजावून सांगावा लागत नाही. हे माप ६ ते ५९ महिन्यांच्या बाळांसाठी आहे. वर्गमित्रांचे दंड मुळीच मोजू नयेत. निष्कर्ष चुकीचा निघतोच, शिवाय एखादे मूल सर्वांसमोर ओशाळते.

चित्ररूप आकडेवारीचा धडा व्हिएन्नाचा. तिथे १९२५ मध्ये समाजाची आकडेवारी चित्रांतून दाखवणारे संग्रहालय उभारणारे ओटो नॉयराट यांचा नियम साधा होता: संख्या वाढली तर आकृत्या वाढवा, आकृती मोठी करू नका. आकृतीची उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळा फसतो. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये पाच वर्षांखालील १५ कोटी २ लाख मुले खुजी होती, म्हणजे शंभरांत २३. लुकडी ४ कोटी २८ लाख, शंभरांत सुमारे ७. शंभर आकृत्या कापून रंगवताना विद्यार्थी २३ आणि ७ मिळवून ३० करतात. ते चूक आहे, कारण एकच मूल खुजेही असते आणि लुकडेही. त्या आकृत्यांना दोन्ही रंग द्यावे लागतील. किती आकृत्यांना, हे वरच्या दोन आकड्यांवरून काढता येत नाही. वर्गातला खरा वाद इथे सुरू होतो.