इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी कॉलेज निवडताना
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विद्यार्थी-पालकांसाठी

"मुलीला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय, कुठलं कॉलेज घेऊ?" असं विचारत पालक आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयात येतात. तेव्हा आधी आम्हीच विचारतो, काम नक्की कुठलं? कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या चालतात.

पहिलं काम म्हणजे कंपनीचा आयपीओ (शेअर्सची लोकांना पहिल्यांदा होणारी विक्री) बाजारात आणणं, एक कंपनी दुसरी विकत घेत असेल तर तिची किंमत काढून देणं, भांडवल उभं करून देणं. आयपीओ आणायचा तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियंत्रकाकडे, नोंदणी असलेला मर्चंट बँकर नेमावाच लागतो, ते हे काम. जागा थोड्या, आणि आपल्याकडे त्या बहुतेक मुंबईत: बीकेसी, लोअर परळ, नरिमन पॉइंट. दुसरं काम ऑपरेशन्सचं. झालेल्या व्यवहारांच्या नोंदी जुळवणं, सेटलमेंट (पैसे आणि शेअर्सची देवाणघेवाण पुरी करणं), ग्राहकांचं केवायसी. पुणे, बंगळुरू, हैदराबादला परदेशी बँकांची त्यासाठी मोठी केंद्रं आहेत. नोकरी चांगली आहे, पण तिथून पहिल्या कामात जाणं फार थोड्यांना जमतं. काही महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स बहुधा या दुसऱ्या कामाचीच तयारी करून घेतात. फी भरण्याआधी मागच्या बॅचला कुठल्या पदावर घेतलं, हे लेखी मागा.

पहिल्याच कामाचा ध्यास असेल तर एक गोष्ट पक्की धरा. बँका मोजक्याच कॅम्पसवर येतात, त्यामुळे कॉलेजच्या इमारतीपेक्षा तिथे मुलाखतीला कोण येतं हे महत्त्वाचं. अहमदाबाद, बंगळुरू आणि कोलकात्याचं आयआयएम, इंडियन स्कूल ऑफ बिझनेस (आयएसबी), मुंबईत जमनालाल बजाज, ही व्यवस्थापनाची कॉलेजं त्यातली. यातलं बजाज आपल्या मुंबई विद्यापीठाचंच आहे आणि तिथे राज्याच्या एमबीए सीईटीतून प्रवेश मिळतो, हे आपल्याकडच्या अनेक घरांत माहीतच नसतं. कॉलेजचा प्लेसमेंट अहवाल वाचताना सरासरी पगारावर थांबू नका. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये किती मुलं गेली तो आकडा शोधा. तो दिलेला नसेल तर विचारा.

आयआयएममध्ये जूनच्या सुमाराला प्रवेश झाला की चार-पाच महिन्यांत उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती सुरू होतात. नवं काही शिकून दाखवायला वेळच नसतो. बँका दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि आधीचा अनुभव पाहतात. म्हणजे या वाटेची सुरुवात इथे, आपल्या गावच्या शाळेतच होते. अकरावी कॉमर्सला गणित सोडू नका. अर्थशास्त्र ऑनर्ससारख्या कित्येक अभ्यासक्रमांची दारं त्या एका निर्णयाने बंद होतात.

पदवीसाठी मुंबईलाच गेलं पाहिजे का? रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाशीच संलग्न आहेत. चर्चगेटच्या कॉलेजात संगत आणि इंटर्नशिपच्या संधी जास्त मिळतात, हे खरं. पण केवळ चकचकीत जाहिरातीवर भुलून दूरच्या महागड्या खाजगी विद्यापीठात जाऊ नका.

कोकणातल्या घरांना आम्ही सीएची वाट आवर्जून सुचवतो. खर्च एमबीएच्या मानाने फार कमी, आर्टिकलशिप (सीए फर्ममधली उमेदवारी) आता दोन वर्षांची, आणि मुंबईत राहायला गिरगाव-लालबागला कुणी ना कुणी नातेवाईक असतोच. मात्र आर्टिकलशिपसाठी कंपन्यांचं मूल्यांकन, त्यांच्या खरेदी-विक्रीआधीची तपासणी असं काम करणारी फर्म शोधा. नुसती टॅक्स रिटर्नं भरण्यात दोन वर्षं गेली तर या क्षेत्रात त्याचा फार उपयोग होत नाही. सीए झाल्यावरही आयआयएमची प्रवेश परीक्षा, कॅट, देता येते.

परदेशाचा विचार असेल तर लंडनचं उदाहरण घ्या. पदवीच्या पहिल्या वर्षी बँकांचे स्प्रिंग वीक (कामाची थोडक्यात ओळख करून देणारे कार्यक्रम), दुसऱ्या वर्षानंतर समर इंटर्नशिप, आणि बहुतेक नोकऱ्या त्यातूनच. एका वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्याला सप्टेंबरमध्ये विमानातून उतरून तयारी करायला सवडच मिळत नाही. बँकांचे अर्ज त्याआधीच सुरू झालेले असतात. निघण्याआधी बायोडेटा आणि मुलाखतीची तयारी झालेली हवी.

आता पैशाचं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेमुळे तारण लागत नाही. देशातल्या नामांकित संस्थांसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतून तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकतं. परदेशासाठीच्या मोठ्या रकमेला मात्र बँक बहुधा तारण मागते, आणि आपलं घोडं इथेच अडतं. कलमांची बाग आहे, पण सातबारा सामायिक, त्यावर काका, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ. त्यातून शेतजमीन अनेक बँका या कर्जाला घेतच नाहीत. घर, बिनशेती प्लॉट किंवा ठेव चालते. म्हणून वाटणी, वारसनोंद, संमतीपत्रं यांचं काम मूल अकरावीत असतानाच हाती घ्या. प्रवेशपत्र हातात आल्यावर महिनाभरात ते होत नाही. आणि नाव मोठं म्हणून बाग विकू नका, ही आमची कळकळीची विनंती.

या कामात रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, व्यवहार चालू असला की शनिवार-रविवारही जातात. गणपतीला गावी येता येईलच असं नाही. हे घरात आधी बोलून घ्या.

आम्ही कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. पहिल्या भेटीला मुलाला किंवा मुलीला सोबत आणा, दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणा. सातबारा आणि आठ-अ दुसऱ्या भेटीत पाहू.