सातबारा त्याचा, भिशी तिची

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रावेरी आहे. तिथल्या देवळात सीता एकटीच आहे, शेजारी राम नाही. नवऱ्याने टाकलेल्या या बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले, कुणी दिले नाहीत, म्हणून इथे गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी आख्यायिका सांगतात. गावाने तेव्हा दार लावून घेतलं, ही गोष्ट पुढच्या सगळ्याला जोडून वाचावी.

कापसाच्या या पट्ट्यात निंदण आणि वेचणी बायकांच्या हातची. गाडी जिनिंगला गेली की चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, मात्र पुरुषाच्या खिशात. सातबारा त्याचा, म्हणून पीककर्जही त्यालाच. बाईजवळ गहाण टाकायला डोरलं तेवढं. तिची खरी बँक म्हणजे भिशी.

शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात, चांदवडला 1986 साली, बायका मोठ्या संख्येने जमल्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्यांनो, जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करा. 1992 मध्ये सरकारने पत्नीचं नाव सातबाऱ्यावर चढवण्याचं परिपत्रक काढलं. त्याच वर्षी नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने 500 बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातलं गटाचं पाऊल पुढे पडलं, सातबाऱ्याचं अडखळलं. कारण उघड आहे: गटासाठी घरातल्या कुणाला काही सोडावं लागत नव्हतं!

एका गटात दहा ते वीस जणी, तेव्हा महिन्याला वीस-तीस रुपये, आधी आपसात कर्ज, मग बँकेचं. तारण नाही, एकीची हमी दुसरीवर. त्यामुळे अडल्या वेळी धावून येणारी शेजारीण हप्ता चुकला की वसुलीलाही तीच येते. गटाच्या कौतुकात ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

शेतकरी आत्महत्यांनंतर 2006 मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज आलं. मागे राहिलेल्या बाईकडे सावकार लगेच आला, पण शेताचा फेरफार तिच्या नावे होण्यासाठी तलाठ्याच्या खेपा आणि सासरची मर्जी. 1975 पासूनचं ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि 2011 नंतरचं ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्यामुळे गटांना प्रशिक्षण आणि भांडवल मिळू लागलं. शेळ्या, पापड, हळद, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल.

डाळमिल आली की वीजजोडणी लागते. अर्जासोबत जागेचा कागद मागतात. जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी नवऱ्याची, नाहीतर सासऱ्याची.