पाच प्राण्यांची यादी आणि हजारभर पक्षी

केनियातल्या मसाई मारा या राखीव रानात गाडी उभी आहे. समोरच्या बाभळीवर फिकट जांभळ्या छातीचा नीलपंख बसलाय. तेवढ्यात वायरलेस खरखरतो, ‘सिम्बा’ एवढा एकच शब्द कळतो आणि गाडी धूळ उडवत सिंहाकडे निघते. नीलपंख मागे राहतो. पुण्या-मुंबईहून गेलेले आपले पर्यटक संध्याकाळी एकमेकांना विचारतात तेही हेच, ‘बिग फाइव्ह पूर्ण झाले का?’ सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. ही यादी पर्यटकांनी केलेली नाही, निसर्ग अभ्यासकांनीही नाही. पायी शिकार करताना जिवावर बेतू शकणारे हे पाच प्राणी, म्हणून ती शिकाऱ्यांनी केली. बंदुका गेल्या, यादी तेवढी राहिली.

‘सफारी’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ नुसता प्रवास. मूळ अरबी, म्हणजे आपल्या ‘सफर’चाच भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात झांझिबार बेटासमोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तांडे आत जात आणि हस्तिदंत व गुलाम घेऊन परतत. सफारी म्हणजे तेव्हा डोक्यावर ओझी घेतलेल्या माणसांची लांब रांग. हौसेचा प्रवास आला तो रेल्वेमुळे. १८९६ मध्ये केनियातल्या मोंबासा बंदरापासून काम सुरू झालं, १८९९ मध्ये रूळ नैरोबीला आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचले. ते टाकले हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी. त्यांतले जवळजवळ २,५०० तिथेच दगावले. याच मजुरांना मारणाऱ्या त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांची गोष्ट आजही प्रत्येक गाइड सांगतो, पण रोगराईने आणि अपघातांनी गेलेली माणसं सिंहांच्या बळींपेक्षा कितीतरी जास्त होती. त्यांचीही आठवण त्या प्रवासात निघावी असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेपाठोपाठ श्रीमंत शिकारी आले. सगळ्यांत गाजली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९ ची सफारी. त्यांनी आणि मुलाने मिळून पाचशेच्या वर प्राणी मारले. पण याच मोहिमेत एडगर मर्न्स हे लष्करी डॉक्टर पक्ष्यांचे नमुने गोळा करत होते आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे ४,००० च्या वर पक्षी गेले. तेही बंदुकीनेच मिळवलेले. दुर्बिणीतून पाहून पक्षी ओळखता येतो आणि तेवढं पुरेसं असतं, ही कल्पना अजून रुजायची होती. त्याच वर्षी नैरोबीत पूर्व आफ्रिकेची निसर्ग अभ्यास संस्था स्थापन झाली. आज ती ‘नेचर केनिया’ या नावाने काम करते.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने हळूहळू घेतली. कार्ल शिलिंग्स या जर्मन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्लॅश वापरून रात्री पाणवठ्यावरचे प्राणी टिपले होते. पुढे राखीव क्षेत्रं आली: दक्षिण आफ्रिकेत क्रूगर १९२६ मध्ये, नैरोबीचं राष्ट्रीय उद्यान १९४६ मध्ये, सेरेंगेटी १९५१ मध्ये. सेरेंगेटीत पिढ्यान् पिढ्या गुरं चारणाऱ्या मसाईंना १९५९ मध्ये बाहेर पडावं लागलं. ‘माणसाचा स्पर्श नसलेलं रान’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यात हा भाग सांगितला जात नाही. केनियाने शिकारीवर बंदी घातली ती १९७७ मध्ये.

आता पक्ष्यांकडे येऊ, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. एकट्या केनियात सुमारे १,१०० जाती आढळतात. त्यांची माहिती मात्र गोऱ्या संग्राहकांच्या आधीपासून तिथल्या लोकांकडे होतीच. हनीगाइड हा लहानसा, करड्या रंगाचा पक्षी माणसाला हाका मारत मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. माणूस धूर करून पोळं फोडतो, मध घेतो, मेण पक्ष्याला उरतं. मोझांबिकमधले याओ लोक त्याला बोलावण्यासाठी एक खास आवाज काढतात आणि त्या आवाजाला तो जास्त प्रतिसाद देतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. सोळाव्या शतकात मोझांबिकच्याच किनाऱ्यावरच्या सोफाला इथले पोर्तुगीज धर्मगुरू जुआंव दुश सान्तुश यांनी हाच पक्षी चर्चमध्ये शिरून मेणबत्त्यांचं मेण खाताना पाहिला होता.

दुसरी गोष्ट लहान रोहिताची, म्हणजे लेसर फ्लेमिंगोची. ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीला हजारोंनी उतरतो, तोच हा पक्षी. पूर्व आफ्रिकेत तो लाखोंनी दिसे, पण घरटी कुठे करतो ते अभ्यासकांना उमगत नव्हतं. १९५४ मध्ये केनियाच्या शेतीखात्यातले लेस्ली ब्राउन यांना टांझानियाच्या उत्तरेला नाट्रॉन सरोवरावर विमानातून त्याची वसाहत दिसली. जवळून पाहायला ते तिथल्या सोड्याच्या, म्हणजे दाहक क्षाराच्या चिखलातून पायी निघाले. वरचं कवच फुटून पाय रुतू लागले, बुटांत दाहक चिखल भरला आणि पायांची कातडी भाजून निघाली. मोठ्या कष्टाने ते परत आले आणि मग कित्येक आठवडे रुग्णालयात पडून होते. पूर्व आफ्रिकेतले जवळजवळ सगळे लहान रोहित याच एका सरोवरावर वाढतात, म्हणून तिथे सोडा काढण्याचा कारखाना घालायचा विषय निघाला तेव्हा जगभरचे पक्षीप्रेमी अस्वस्थ झाले. केनियातल्या नाकुरू सरोवराला तर १९६० मध्ये पक्ष्यांसाठीच संरक्षण मिळालं आणि १९६८ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. अलीकडे तिथलं पाणी वाढलं, रोहितांचं खाद्य असलेलं शेवाळ विरळ झालं आणि थवे बोगोरिया सरोवराकडे वळले.

आपल्याकडचे बहुतेक गट जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातात, कारण तेव्हा विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात. पक्ष्यांसाठी जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. तेव्हा युरोप-आशियातले स्थलांतरित तिथे पोचलेले असतात आणि पावसानंतर सुगरणींच्या कुळातले नर विणीच्या पिसाऱ्यात येतात. मृगाच्या सुमारास आपल्याकडे येणारा चातकही हिवाळा आफ्रिकेतच काढतो. आणि नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आकाशात दिसणारा अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडून तिकडेच निघालेला असतो.