कन्याकुमारीला किती समुद्र मिळतात?

सुट्ट्या लागल्या की कन्याकुमारीचे फोटो फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला मजकूरही. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर इथे भेटतात, तिघांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात आणि तिघांनी आणलेली वाळूही तीन रंगांची असते, असा तो मजकूर. रंगीत वाळू खरी आहे. पण तांबडी वाळू गार्नेटची, काळी इल्मेनाइटची. ही खनिजं त्या भागातल्या खडकांची झीज होऊन किनाऱ्यावर साठतात. न मिसळणाऱ्या दोन पाण्यांचा जो फोटो सोबत येतो, तो बहुतेक वेळा अलास्काच्या आखातातला असतो. हिमनद्यांचा गाळ घेऊन आलेलं ते पाणीही पुढे समुद्रात मिसळतंच. चमत्काराच्या नावाखाली असे फोटो पुढे ढकलले जातात आणि खरी गोष्ट, जी कितीतरी सुरस आहे, ती मागे राहते.

जगातल्या समुद्रांच्या हद्दी कागदावर नोंदवण्याचं काम मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेकडे आहे. तिची हद्दींची पुस्तिका पहिल्यांदा १९२८ मध्ये निघाली. १९५३ ची तिसरी आवृत्ती आजही आधाराला घेतात. त्यात अरबी समुद्राची पूर्वेकडची हद्द सुरू होते कारवारजवळच्या सदाशिवगडाच्या दीपगृहापासून. गोव्यातून कारवारला जाताना काळी नदीच्या मुखाशी लागतो तोच सदाशिवगड. तिथून रेषा नैऋत्येला जाते आणि लक्षद्वीप व मालदीवच्या पश्चिम कडेने थेट अड्डू प्रवाळबेटापर्यंत उतरते. या रेषेच्या पूर्वेला आहे लक्षद्वीप समुद्र. बंगालचा उपसागर रामसेतूपाशी आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडला संपतो. हिंदी महासागर त्याहून खाली, दोंद्रा हेड ते अड्डू या रेषेच्या दक्षिणेला. म्हणजे या पुस्तिकेप्रमाणे मंगळूर, कोची आणि खुद्द कन्याकुमारी ही एकाच समुद्राच्या काठी येतात आणि त्या समुद्राचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं नसतं.

नावं नेहमीच अशी सरकत आली आहेत. हेरोडोटसच्या काळापासून ग्रीक लोक अरबस्तानापलीकडच्या सगळ्या पाण्याला ‘एरिथ्रा थालासा’, म्हणजे तांबडा समुद्र म्हणत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं याच तांबड्या समुद्राच्या काठावर येतात. आज आपण ज्याला तांबडा समुद्र म्हणतो, त्याला मात्र प्राचीन भूगोलकार टॉलेमी ‘अरबी आखात’ म्हणतो. दोन नावांनी जागा बदलल्या! दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आलेला अरब प्रवासी अल् मसूदी आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्याला लारवी समुद्र म्हणतो आणि चौल, सोपारा, ठाणे इथल्या लोकांच्या भाषेला या समुद्रावरूनच ‘लारी’ हे नाव मिळाल्याचं सांगतो. ‘अरबी’ हे नाव बदलून टाका अशी मागणी मधूनमधून होते. त्यामागे हे नाव म्हणजे कुणाची तरी मालकी असा समज असतो. समुद्राचं नाव हा कुणाचा सातबारा नाही. त्या पुस्तिकेनंही आपल्या हद्दींना राजकीय अर्थ नाही असं स्पष्ट म्हटलं आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण मला ओढ आहे ती याची. अरबी समुद्रावर पाऊस पडतो त्यापेक्षा बाष्पीभवन जास्त होतं. त्यात तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून अतिखारट पाणी खोलवर येऊन मिळतं. त्यामुळे उत्तर अरबी समुद्रात एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा एवढं गोडं पाणी ओततात की त्याच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या थराची क्षारता ३० च्याही खाली जाते. हे दोन समुद्र एकमेकांना पाणी देतात ते श्रीलंकेला वळसा घालून. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खारट पाणी पूर्वेला जातं आणि जड असल्यामुळे उपसागराच्या हलक्या पाण्याखाली शिरतं. हिवाळ्यात उलट: उपसागरातलं कमी खारट पाणी भारताच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि लक्षद्वीप समुद्रात येऊन उत्तरेकडे वळतं. महाबळेश्वरला पडलेला पाऊस कृष्णेतून पूर्वेला जातो; त्यातला काही अंश असा द्वीपकल्पाला वळसा घालून पुन्हा पश्चिमेला येतो.

पण हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर वारा साधारण उत्तरेकडून वाहतो. मग प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध उत्तरेला कसा जातो? गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जहाजावरून या प्रवाहाची मोजमापं घेतली. पुढच्या दशकात संगणकी प्रतिकृतींनी दाखवलं की या प्रवाहाला ढकलणारा वारा बऱ्याच अंशी दूर, बंगालच्या उपसागरावर असतो.

तो धक्का इथवर येतो केल्विन लाटेतून. समजा, पूर्व किनाऱ्यालगत वाऱ्यामुळे पाणी थोडं चढलं. ते पसरू पाहतं, पण पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात चालतं पाणी उजवीकडे वळतं. उजवीकडे किनारा असेल तर पाणी त्याच्यावर दाबलं जातं, त्याला दूर पसरता येत नाही. त्यामुळे हा उंचवटा किनारा उजव्या हाताला ठेवूनच पुढे सरकू शकतो, उलट दिशेने नाही. नकाशावर बोट फिरवून पाहा: चेन्नईकडून दक्षिणेला तोंड केलं तर भारत उजवीकडे येतो, श्रीलंकेला वळसा घालून कोचीपासून उत्तरेला तोंड केलं तरी भारत उजवीकडेच. पृष्ठभागावर या लाटेची उंची काही सेंटिमीटरांच्या हिशेबात, डोळ्यांना न दिसणारी. पण तिच्याखाली उबदार वरचा थर जाड होतो आणि गार पाणी कितीतरी मीटर खाली दाबलं जातं. वेग सेकंदाला दोन ते अडीच मीटर, म्हणजे दिवसाला सुमारे २०० किलोमीटर. त्यामुळे चेन्नईपाशी निघालेली वर्दी मुंबईपाशी साधारण दोन आठवड्यांत पोचते. पाणी स्वतः इतक्या लवकर येत नाही. पाण्याच्या पातळीतला बदल येतो आणि त्या बदलामुळे इथलं पाणी उत्तरेला वाहू लागतं.

पश्चिम किनाऱ्यावर पोचल्यावर या लाटेतली काही ऊर्जा किनारा सोडून पश्चिमेकडे जाते. ती रॉस्बी लाट. तिचा उगम अक्षांशानुसार बदलणाऱ्या त्याच वळवण्याच्या बळात आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात लक्षद्वीप बेटांभोवती समुद्राची पातळी उंचावते आणि पाणी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू लागतं. पावसाळ्यात तिथेच पातळी खाली जाते आणि पाणी उलट फिरतं. सदाशिवगडापासून रेघ ओढणाऱ्यांच्या हाती यातली कुठलीच मोजमापं नव्हती. पण लक्षद्वीप समुद्राला खरंच स्वतःचा स्वभाव आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचं नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या मोसमी पावसाशीही त्याचं नातं आहे. हिवाळ्यात आलेलं कमी खारट, हलकं पाणी तिथे वरच राहतं आणि खालच्या गार पाण्याला सहज वर येऊ देत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात हा पातळ थर झपाट्याने तापतो. एप्रिल-मे महिन्यांत लक्षद्वीपच्या आसपासचं पाणी ३० अंश सेल्सिअसच्याही वर जातं आणि काही वर्षी मोसमी पावसाच्या आगमनाच्या वेळचा चक्राकार वाऱ्यांचा भोवरा याच भागात तयार होतो.